हाताने बदललेली नोंद

माझा रविवार मंगळवारी येतो. लग्न झाल्यापासून हे असंच चालू आहे. नवरा शाळेत क्लार्क आहे, त्याला रविवारची सुट्टी. मी एका बँकेच्या मेनफ्रेमची देखभाल करते, आणि ते मोठं मशीन थांबवून दुरुस्तीला हात घालायची परवानगी बँक रविवारीच देते. त्यामुळे भाईंदर पश्चिमेच्या आमच्या घरात रविवारी सकाळी एक ठरलेलं चित्र असतं. नवरा चपला घालून दारात उभा, हातात रिकामा स्टीलचा डबा, आणि मी बेडरूममधल्या टेबलापाशी हेडफोन लावून बसलेली. तो उत्तनला आईकडे जातो. संध्याकाळी डबा भरून येतो. सासूबाईंच्या हातचं ओल्या बोंबलाचं कालवण जगात एक नंबर, असं मी सगळ्यांना सांगत असते, पण ते गॅसवरून उतरल्या उतरल्या मी फार थोड्या वेळा खाल्लंय. माझ्या वाट्याला डब्यातलं येतं.

"मेनफ्रेम? ती अजून असते?" असं लोक मला लग्नाकार्यात विचारतात. तुमचा पगार ज्या दिवशी खात्यात जमा होतो त्या दिवशी असते, असं मी सांगते. मग ते जिलबी घेतात.

तरी थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. ह्या मशीनवरचं सॉफ्टवेअर हजारो तुकड्यांचं, म्हणजे मॉड्यूलचं, बनलेलं असतं. ते बनवणारी कंपनी अधूनमधून एखाद्या तुकड्याची सुधारलेली आवृत्ती पाठवते. तिला आम्ही फिक्स म्हणतो. एक फिक्स दुसऱ्याच्या आधाराने उभा असतो, दुसरा तिसऱ्याच्या. कुठला बसवलाय, कुठला राहिलाय, कुठल्या तुकड्याची कोणती आवृत्ती आज मशीनमध्ये आहे, ह्याचा हिशोब मशीन स्वतःच ठेवतं. ती इन्व्हेंटरी. नवा फिक्स बसवणारा प्रोग्राम प्रत्यक्ष तुकडा उघडून बघत नाही. तो इन्व्हेंटरीला विचारतो, आणि ती सांगेल ते खरं धरून पुढे जातो. आम्हीही तेच करतो. ह्या इन्व्हेंटरीतली नोंद माणसाने हाताने बदलायची एक कमांड आहे. ती ठेवलीय, कारण क्वचित खरोखरच गरज पडते. पण तिच्या वाटेला जायचं नाही, हे मला पहिल्या आठवड्यातच शिकवलं गेलं.

शिकवलं सरांनी. सर म्हणजे आमच्या टीमचे सीनिअर. मी नोकरीला लागले त्याच वर्षी माझे वडील गेले, आणि त्यानंतर मला हक्काने रागावणारा माणूस म्हणून सरच उरले. ते रागवायचेही भरपूर. डबा उशिरा खाल्ला तरी रागवायचे. "नोंद बदलून काम झालं म्हणायचं म्हणजे थर्मामीटर पाण्यात बुडवून ताप उतरला म्हणायचं," असं त्यांनी मला सांगितलं होतं. "नोंद कामाच्या मागून चालते. तिला कामाच्या पुढे चालवायची नाही."

त्यांची कामाची एक पद्धत होती. दोघांनी शेजारी बसायचं. एकाने टाईप करायचं आणि एंटरवर बोट ठेवून थांबायचं. दुसऱ्याने स्क्रीनवरची ओळ पहिल्या अक्षरापासून मोठ्याने वाचायची. वाचून झाल्यावर वाचणाऱ्याने "हं" म्हटलं की मग एंटर. टाईप करणारे सर आणि वाचणारी मी. ऑफिसातले बाकीचे हसायचे. "शांत बसा, पोथी चालू आहे," म्हणायचे. चिडवणाऱ्यांच्या हातून निम्मी कामं बिघडायची आणि आमचं कधी बिघडायचं नाही, म्हणून मी त्यांचं मनावर घेतलं नाही.

पुढे सर रिटायर झाले. माणसं कमी झाली. मग लॉकडाऊनमध्ये सगळ्यांना घरून काम करायला लावलं, आणि नंतरही आमची टीम घरीच राहिली. ऑफिस होतं तेव्हा निदान रविवारी मी घराबाहेर तरी पडत होते. आता ऑफिसच माझ्या पलंगाशेजारी येऊन बसलं. ह्या खोलीची खिडकी शेजारच्या बिल्डिंगच्या डक्टमध्ये उघडते. समोर पाण्याचे पाईप आणि कुणाकुणाच्या बाथरूमच्या काचा. रविवारी त्या डक्टमधून सगळ्या बिल्डिंगचा रविवार माझ्याकडे येतो, फोडणीचा वास, टीव्ही, पोरांची भांडणं, कुणाचा तरी पाहुणा आल्याचा आवाज. कानात मॅनेजर आणि नाकात दुसऱ्याचं मटण. मला कोंडल्यासारखं व्हायला लागलं. हे मी कुणाला सांगत नव्हते, कारण पगार चांगला, काम बसल्या जागेवर, वर रिक्षाचासुद्धा त्रास नाही. "तुझं बरंय," असं म्हणणाऱ्या बाईला काय सांगणार?

म्हणून मी घोडबंदरच्या बाजूच्या एका कॉलेजात अर्ज केला. कॉम्प्युटर शिकवायचं. पगार कमी, पण रविवारी कॉलेजला कुलूप. विभागप्रमुख बाई म्हणाल्या, "नवं सत्र जानेवारीत सुरू होतं. त्या दिवशी तुम्ही वर्गात हव्यात. उशीर झाला तर मला दुसऱ्याला घ्यावं लागेल." मी हो म्हटलं. बँकेकडे राजीनामा दिला. मॅनेजरने एक अट घातली. वर्षअखेरचा फिक्सचा मोठा संच बसवून द्यायचा आणि माझ्या जागी येणाऱ्या नागपूरच्या बाईंना सगळं समजावून द्यायचं. हे झालं की रिलीव्हिंग लेटर. ते लेटर नसेल तर कॉलेज घेणार नव्हतं.

नवऱ्याने त्याच संध्याकाळी आईला फोन करून सांगून टाकलं की जानेवारीपासून रविवारी आम्ही दोघं येणार. सासूबाईंनी दुसऱ्या दिवशी शेजारणीला सांगितलं. बघता बघता ही बातमी अख्ख्या पाखाडीत, म्हणजे त्यांच्या आळीत, झाली. मी अजून नोटीस पिरिअडवर होते आणि उत्तनमध्ये माझा रविवार साजरासुद्धा झाला होता.

नागपूरच्या बाई कमी बोलणाऱ्या होत्या. स्वयंपाकघरात बसून कॉल घ्यायच्या, मागे मुलांचा गलका असायचा. सगळं लिहून घ्यायच्या. दुसऱ्या की तिसऱ्या कॉलला त्यांनी विचारलं, "मॅडम, इन्व्हेंटरी बरोबर आहे ना? म्हणजे तिच्यावर विश्वास ठेवून चालू ना?"

"डोळे मिटून," मी म्हटलं. मला वाटलं, बाई हुशार आहे. पहिला प्रश्न हाच विचारायला हवा.

पुढच्या रविवारी मी संच बसवायला घेतला. आधी टेस्टच्या, म्हणजे खऱ्याची नक्कल असलेल्या मशीनवर बसवायचा आणि नीट चालला तर मग खऱ्या मशीनवर, असा नियम आहे. नवरा डबा घेऊन गेला. दुपारपर्यंत सगळे फिक्स बसले. प्रोग्रामने एकही तक्रार केली नाही, प्रत्येक ओळीपुढे शून्य, आमच्यात शून्य मिळालं की पास. मग मी सिस्टिम चालू केली. ती उठायला गेली आणि पडली. पुन्हा चालू केली. पुन्हा त्याच जागी पडली.

असं झालं की माणूस आधी स्वतःवर संशय घेतो. मी प्रत्येक ओळ पुन्हा तपासली, एकटीच मोठ्याने वाचून, जुन्या सवयीने. शेवटी ती जिथे पडत होती तो तुकडाच उघडून बघितला. प्रत्येक तुकड्याच्या पोटात त्याच्या आवृत्तीचा नंबर कोरलेला असतो. इन्व्हेंटरी सांगत होती, ह्या तुकड्यावर अमुक फिक्स बसवला आहे. तुकड्याच्या पोटात त्याआधीचा नंबर होता. म्हणजे तो फिक्स कधी बसलाच नव्हता. इतकी वर्षं इन्व्हेंटरी "बसलाय" म्हणत होती, आणि तिच्यावर भरवसा ठेवून पुढचे कितीतरी फिक्स आजूबाजूला रचले गेले होते. तो तुकडा फारसा वापरात नव्हता म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. ह्या वेळच्या संचातल्या एकाने नेमकी त्यालाच हाक मारली, आणि घरात कुणी नव्हतंच.

मग मी ती नोंद पूर्ण उघडली. नोंदीत शेवटचा बदल कसा झाला ते लिहिलेलं असतं. फिक्स बसवताना आपोआप झाला, की हाताने. तिथे होतं, हाताने. पुढे तारीख होती.

ती माझ्या लग्नाची तारीख होती.

मी आधी हसले. म्हटलं, योगायोग बघा. मग हसू विरलं. कोणी बदल केला हे इन्व्हेंटरी लिहीत नाही. वेळही लिहीत नाही. फक्त तारीख. बाकीचं मला ठाऊक होतं. त्या दिवशी कामावर एकटे सर होते, कारण वाचणारी मी उत्तनच्या मांडवात हळद लावून बसले होते.

आमचं लग्न रविवारी होतं, दुपारचा मुहूर्त. आधी आठवडाभर सर म्हणत होते, "मला जमणार नाही, रविवारचं काम आहे, मी संध्याकाळी येतो." आणि मी म्हणत होते, "सर, तुम्ही आल्याशिवाय मी अंतरपाटाआड उभी राहणार नाही. भटजींना सांगून ठेवते." थट्टेतच म्हणत होते, पण त्यात थट्टा नव्हती, आणि ते त्यांनाही कळत होतं. माझे वडील नव्हते. मांडवात माझ्या बाजूने उभा राहणारा एक तरी मोठा माणूस मला हवा होता.

आणि ते आले. मंगलाष्टकं सुरू व्हायच्या जरा आधी, घामाघूम. लग्नाच्या अल्बममध्ये एक फोटो आहे. माझ्या मामांच्या मागे सर उभे आहेत, मुठीत अक्षता, इस्त्रीचा शर्ट पाठीला चिकटलेला, आणि गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र. काढायचं विसरले होते. हा फोटो दाखवून मी किती जणांना हसवलंय. "बघा, हे माझे सर. लग्नाला आलेत की तपासणीला?" पण खरं सांगते, त्या ओळखपत्राचा मला फार अभिमान होता. काम संपवून थेट माझ्याकडे आलेला माणूस, असं मी त्या फोटोकडे बघत आले होते.

ऑफिसपासून उत्तनपर्यंत यायला त्या वेळी किती वेळ लागायचा ते मला माहीत होतं. आता पहिल्यांदाच मी तो हिशोब केला. रविवारचं काम दुपारी संपायचं; ते संपवून निघालेला माणूस मंगलाष्टकांना पोहोचू शकत नव्हता.

काय झालं असेल ते मला समोर दिसत होतं. तो एक फिक्स अडला असेल. घड्याळाकडे बघितलं असेल. शेजारची खुर्ची रिकामी. मग ती कमांड टाईप केली असेल, "बसवला" अशी नोंद करून टाकली असेल, म्हणजे बाकीचं काम पुढे सरकेल. पुढच्या रविवारी नीट बसवू, असं ठरवलं असेल. आणि पुढच्या रविवारी इन्व्हेंटरीने राहिलेल्या फिक्सची यादी दाखवली असेल, त्यात हा नव्हता. कसा असेल? जिने आठवण करून द्यायची तिलाच गप्प केलं होतं. हाताने केलेल्या नोंदीचा खरा धोका हाच आहे. खोटं बोलल्याचा त्रास नाही, खोटं पुन्हा कधी समोर येत नाही ह्याचा त्रास आहे.

मला राग आला. सरांचा आला, माझा आला, त्या मुहूर्ताचासुद्धा आला. मला थर्मामीटर शिकवणारे तुम्ही, आणि पाण्यात तुम्हीच बुडवला?

मॅनेजर माझ्याहून लहान, बोलायला गोड. त्याने माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मैडम, सिंपल है. दूसरी मशीन से सही मॉड्यूल कॉपी करके डाल दो, और इन्व्हेंटरी में एंट्री हाथ से ठीक कर दो. आज ही निकल जाएगा."

"और बाकी के?" मी विचारलं. "इसके ऊपर जो सालों से बैठे हैं, उनका क्या? जहाँ एक झूठ निकला, वहाँ और भी होंगे."

"वो जब निकलेंगे, तब देखेंगे."

"तब मैं नहीं रहूँगी."

"वही तो बोल रहा हूँ," तो म्हणाला. "आप तो फ्री हो जाओगी."

दुसरा मार्ग लांबचा होता. कोऱ्या पायापासून नवी प्रत उभी करायची, त्यावर सगळे फिक्स पुन्हा एकामागून एक खरोखर बसवायचे, प्रत्येक टप्प्यावर तपासायचं, आणि मग ती प्रत जुन्याच्या जागी आणायची. सगळं रविवारी. होळीपर्यंत तरी हलता आलं नसतं. जानेवारीचं सत्र गेलं, कॉलेज गेलं.

संध्याकाळी नवरा डबा घेऊन आला. मी त्याला सगळं सांगितलं. तो बराच वेळ डब्याचं झाकण लावत आणि काढत बसला. "तू ठरव," म्हणाला. "पण मी आईला हो सांगून बसलोय." मग त्याने तिला फोन लावला आणि माझ्या हातात दिला. सासूबाईंना मेनफ्रेम कळत नाही, पण अडकलेली सून कळते.

"साहेब काय बोलतंय?" त्यांनी विचारलं.

"म्हणतो, झालं असं लिहून टाका आणि जा."

"मंग लिव ना गो. कोन बगतंय? लिव आन् ये. मी तुज्यासाटी वलांडीवर सुकवलेलं चांगलं बोंबील बाजूला ठेवलंय."

कुणीतरी मला अडवावं, असं मला वाटत होतं. सगळे दार उघडून उभे होते, आणि त्या उघड्या दारातच मला जास्त कोंडल्यासारखं झालं.

मंगळवारी, म्हणजे माझ्या रविवारी, मी रिक्षा करून मीरा रोडला सरांकडे गेले. रस्ताभर मी वाक्यं घोटत होते. आज मी त्यांना रागावणार होते. त्यांनीच शिकवलेल्या आवाजात.

सर गॅलरीत बसले होते. बारीक झालेत. उजव्या कानाने कमी ऐकू येतं, म्हणून मी डाव्या बाजूला बसले. पूर्वी वाचताना मी ह्याच बाजूला बसायचे. सरांच्या पत्नींनी पोहे आणले. नोकरी सोडतेय म्हटल्यावर सरांना बरं वाटलं. "फार वर्षं झाली, सुट आता," म्हणाले. मग मी सुरुवात केली, जरा आडून.

"सर, माझ्या लग्नाच्या दिवशीचं काम आठवतं?"

"न आठवायला काय झालं?" त्यांचा चेहरा उजळला. "एकटा होतो मी. तू नाहीस, वाचायला कुणी नाही. मी स्वतःच मोठ्याने वाचत होतो. सिक्युरिटीवाला बघायला आला, साहेब कुणाशी बोलताय म्हणून. पण सगळं संपवलं. एकूण एक. शेवटचा फिक्स बसला आणि मग उठलो. तुला शब्द दिला होता ना."

"एकही अडला नव्हता?"

"अडला असता तर आलो असतो का?" ते म्हणाले. आवाजात जुनी जरब होती. "मला काय तू ओळखत नाहीस?"

आतून त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "लग्नाचा विषय निघाला की हे सांगतातच. माझ्या भाचीच्या लग्नातही सांगत होते."

मी सरांच्या डोळ्यांकडे नीट बघितलं. ते लपवत नव्हते. खोटं बोलत असते तर मला कळलं असतं, इतकी वर्षं मी त्यांच्या शेजारी बसले होते. त्यांच्या डोक्यातसुद्धा ती नोंद बदलून गेली होती. "बसवला." तारीख तीच. आणि तिच्यावर त्यांनी पुढची सगळी वर्षं रचली होती, एकही काम अर्धं न टाकलेला माणूस म्हणून. ती आता कुठून काढायची?

घोटलेली सगळी वाक्यं मी पोह्यांबरोबर गिळली. "तुमच्यामुळे अंतरपाट वेळेवर धरला गेला सर," असं म्हटलं. ते हसले. त्यांनी मला पोहे संपवायला लावले. खाली रिक्षापर्यंत सोडायला आले.

परतताना मला भीती वाटत होती, आणि ती सरांसाठी नव्हती. मला दिसत होतं, आणखी काही वर्षांनी मी कॉलेजात पोरांना सांगतेय, सगळं काम पूर्ण करून मी निघाले, एकही नोंद चुकीची ठेवली नाही. आणि मला ते खरं वाटतंय. तिकडे नागपूरच्या स्वयंपाकघरात एक बाई रविवारी स्क्रीनपुढे बसलीय आणि तिला कळत नाहीये की सगळीकडे शून्य असूनही मशीन का पडतंय. तिने मला विचारलं होतं, विश्वास ठेवू ना. मी डोळे मिटून म्हटलं होतं.

घरी आल्यावर मी कॉलेजच्या बाईंना फोन केला. त्या सभ्यपणे बोलल्या. मुदत वाढवता येणार नाही, दुसऱ्या उमेदवाराला कळवतो, म्हणाल्या. फोन ठेवल्यावर मी रडले. चांगली हुंदके देऊन रडले, आणि डक्टमध्ये आवाज जाऊ नये म्हणून खिडकी लावून घेतली. मग नागपूरला फोन लावला. "बाई, मी तुम्हाला चुकीचं सांगितलं होतं," म्हटलं. "इन्व्हेंटरीवर विश्वास ठेवू नका. अजून तरी नाही."

त्यांनी आधी मागच्या मुलांना गप्प केलं. मग म्हणाल्या, "रविवारी मी बसू का तुमच्याबरोबर कॉलवर? एकाने टाईप केलं आणि दुसऱ्याने वाचलं तर?"

ही पद्धत मी त्यांना सांगितली नव्हती. बहुतेक अडकलेल्या माणसाला ती आपोआप सुचत असावी.

रविवारी नवरा दारात उभा राहिला. ह्या वेळी डबा नेहमीपेक्षा मोठा होता. त्याला काही बोलायचं होतं, पण तो नुसताच "येतो" म्हणाला आणि गेला. आईला जानेवारीचं कसं सांगायचं, हे त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं. मी टेबलापाशी बसले. नव्या प्रतीचं काम सुरू करायचं तर बँकेच्या नियमाप्रमाणे आधी कारण लिहून मंजुरी घ्यावी लागते. इन्व्हेंटरीतली नोंद आणि प्रत्यक्ष तुकडा जुळत नाही, हे लिहिलं. खाली विचारलं होतं, मूळ कारण.

मी आधी लिहिलं, "कारण समजलं नाही." ते वाचलं. मोठ्याने वाचलं आणि पुसलं. ही नोंदही हाताने बदललेलीच झाली असती. मग सरांचं नाव लिहायला घेतलं, पहिलं अक्षर लिहिलं आणि तेही पुसलं. ते मी लिहू शकत नव्हते, मरेपर्यंत नाही. मग जे मला नक्की ठाऊक होतं तेवढं लिहिलं आणि पाठवून दिलं.

थोड्या वेळाने मॅनेजरचा फोन आला. "मैडम, ये रूट कॉज़ में क्या लिखा है? 'त्या दिवशी माझं लग्न होतं'?"

"हाँ."

"ये ऑडिट में जाएगा."

"जाने दो. सच है."

"आपकी शादी का इस सब से क्या लेना-देना?"

"मैंने किसी को टाइम पर बुलाया था," मी म्हटलं. "वो आ गए."

 डक्टमधून कुणाच्या तरी घरच्या तळलेल्या मासळीचा वास येत होता. मी त्याच्याकडे पुढच्या रविवारची परवानगी मागितली, आणि त्यानंतरच्या सगळ्या रविवारांची. त्याने ती लगेच दिली.